फ्रान्सच्या खेड्यांतून सायकलने : ल्वारकाठच्या पहिल्या प्रवासाची तयारी

पुण्याहून निघण्यापूर्वी आम्ही दोघा नवरा-बायकोंनी सहा महिने पायांची तयारी केली होती. प्रत्यक्षात पायांनी एकदाही दगा दिला नाही. दगा दिला तो घड्याळाने. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी सव्वा वाजता, आम्ही एका लहान गावात पोहोचलो तेव्हा बेकरी बंद होती, किराणा दुकान बंद होते आणि चौकातल्या एकुलत्या एक उपाहारगृहाच्या दारावर ‘फेर्मे’, म्हणजे ‘बंद’, अशी पाटी लटकत होती. पुढचे मोठे गाव चौदा किलोमीटरवर होते आणि वारा समोरून होता. त्या दिवशीचे जेवण म्हणजे पिशवीच्या तळाशी राहिलेला चिवडा आणि दोन सफरचंदे.

ग्रामीण फ्रान्समध्ये पहिल्यांदा सायकलने जाणारा बहुतेक प्रत्येक जण किलोमीटर मोजून आखणी करतो, आणि तिथेच चुकतो. रस्ते चांगले असतात, पाट्या स्पष्ट असतात, नदीकाठी चढही फारसे नसतात. मात्र दुकाने, स्वयंपाकघरे, रेल्वेतल्या सायकलींच्या जागा आणि नदीपार नेणाऱ्या फेरीबोटी आपापल्या ठरलेल्या वेळेनेच चालतात. म्हणून पुढच्या पायऱ्यांत अंतरापेक्षा वेळेचा विचार अधिक आढळेल.

१. पहिला मार्ग कोणता निवडावा

फ्रान्समध्ये खुणा लावलेले लांब पल्ल्याचे सायकलमार्ग अनेक आहेत. अटलांटिक किनाऱ्याने उत्तर-दक्षिण जाणारा ‘व्हेलोदिसे’, जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्रापर्यंत ऱ्होन नदीच्या सोबतीने जाणारा ‘व्हियाऱ्होना’ आणि तुलूझहून समुद्राकडे जाणारा मिदी कालव्याचा काठ ही नावे तुमच्या कानांवर येतील. मिदी कालवा सतराव्या शतकात पिएर-पॉल रिके याने बांधला. तो १९९६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि छायाचित्रांत अतिशय मोहक दिसतो. नवख्याने मात्र एवढे लक्षात ठेवावे, की तुलूझपासूनचा सुरुवातीचा पट्टा गुळगुळीत असला तरी पुढे कालव्याकाठची वाट बऱ्याच ठिकाणी खडबडीत होते आणि झाडांच्या मुळांवरून सामानाने भरलेली सायकल हाकताना कंबर बोलू लागते.

पहिल्या प्रवासासाठी माझी शिफारस ल्वार नदीच्या काठाची आहे. ‘ला ल्वार आ व्हेलो’ या नावाचा हा मार्ग नव्हेर शहराजवळच्या क्यूफी गावापासून अटलांटिकवरच्या सँ-ब्रेव्हँ-ले-पँपर्यंत सुमारे ९०० किलोमीटरचा आहे आणि तो युरोपच्या सहाव्या क्रमांकाच्या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचा भाग आहे. नदीच्या पुरापासून शेती वाचवण्यासाठी घातलेले जुने मातीचे बांध, बोटी ओढण्यासाठी ठेवलेल्या काठावरच्या वाटा आणि वर्दळ नसलेले गावरस्ते जोडून तो तयार झाला आहे. ज्याने रेवदंड्यापासून दापोलीपर्यंतचा कोकण किनारा सायकलने केला आहे, त्याला ल्वारचा काठ जवळजवळ टेबलासारखा सपाट वाटेल.

पूर्ण मार्ग एका दमात करण्याचा हट्ट धरू नये. ओर्लेआँ ते नाँत हा सुमारे चारशे किलोमीटरचा मधला भाग आठ-नऊ दिवसांत निवांत होतो आणि त्याच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्याला रेल्वे स्थानक आहे. पाऊस कोसळला, गुडघा दुखला किंवा कंटाळा आला, तर सायकलीसह गाडीत बसून पुढे जाता येते. पहिल्या प्रवासात ही पळवाट हाताशी असणे फार मोलाचे आहे. वेळ असेल त्यांनी सुरुवात आणखी पूर्वेला, ब्रिआरहून करावी. तिथे १८९६ साली सुरू झालेला ६६२ मीटर लांबीचा जलपूल आहे. कालवाच पुलावरून नदी ओलांडतो आणि खाली ल्वार वाहत असते.

२. महिना आणि दिशा

मे, जून आणि सप्टेंबर हे उत्तम महिने. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे अंधाराची घाई नसते. ऑगस्टमध्ये सारा फ्रान्स सुटीवर निघतो. मुक्कामाच्या जागा भरतात, आणि खेड्यातला बेकरीवालाही सुटीवर गेलेला असू शकतो. हिवाळ्यात व वसंताच्या आरंभी नदी फुगली, की काठालगतच्या सखल वाटा पाण्याखाली जातात.

दिशेच्या बाबतीत एक सापळा आहे. नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, म्हणून प्रवाहाबरोबर समुद्राकडे जाणे सोपे असेल, असे नकाशा पाहून वाटते. उताराचा फायदा नगण्य असतो. वारा मात्र बहुतेक वेळा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो आणि थेट तोंडावर बसतो. वाऱ्याला पाठीवर घेऊन जायचे असेल तर नाँतहून ओर्लेआँकडे यावे. आम्हाला शेवटी समुद्र पाहायचा होता, म्हणून आम्ही उलट गेलो आणि त्याची किंमत दुपारनंतर रोज मोजली. सकाळी सातला निघून दुपारी दोनपर्यंत मोठा पल्ला संपवणे हा त्यावर आम्हाला सापडलेला उपाय.

३. व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन, म्हणजे बहुतेक युरोपीय देशांत सामायिक चालणारा, अल्पमुदतीचा व्हिसा लागतो. कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याची मुभा त्यात मिळू शकते. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळणे हीच खरी अडचण असल्याने तीन महिने आधी हालचाल सुरू करावी. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

सोबत लागणारी कागदपत्रे अशी :

– गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असलेले आणि दोन कोरी पाने शिल्लक असलेले पारपत्र
– फ्रान्सच्या अधिकृत व्हिसा संकेतस्थळावर भरून छापलेला अर्ज आणि नियमानुसार छायाचित्रे
– जाण्या-येण्याच्या विमानाचे आरक्षण
– किमान ३०,००० युरोंचे संरक्षण देणारा, सर्व शेंगेन देशांत चालणारा प्रवासविमा
– बँकेचे अलीकडच्या महिन्यांचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्रे आणि नोकरी असल्यास रजेच्या मंजुरीचे पत्र
– प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा आणि दिवसवार प्रवासाचा तक्ता

शेवटचा मुद्दा सायकलस्वारांना अडवतो. ‘जिथे दमू तिथे तंबू ठोकू’ हे आपल्याला कितीही रम्य वाटले तरी अर्ज तपासणाऱ्याला प्रत्येक रात्रीचा पत्ता हवा असतो. म्हणून अर्जापूर्वीच टप्पे ठरवून, रद्द करता येतील अशी आरक्षणे करावीत, छावणीच्या, म्हणजे पैसे भरून तंबू ठोकण्याच्या, जागांकडून ईमेलने पुष्टी मागवावी आणि एका पानाचे पत्र जोडून हा सायकलप्रवास आहे, रोज अमुक गावाहून अमुक गावाला जाणार, असे स्पष्ट लिहावे. आमच्या तक्त्यात गावाचे नाव, अंतर आणि मुक्कामाचा पत्ता एवढे तीनच रकाने होते. विम्याच्या अटी वाचताना सायकलवरील पर्यटन त्यात समाविष्ट आहे का, हेही पाहावे.

४. सायकल : इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी

दोन आठवड्यांहून कमी प्रवास असेल, तर भाड्याने घ्या, हे माझे स्पष्ट मत आहे. ल्वारकाठी एका शहरात सायकल घेऊन दुसऱ्या शहरात परत करण्याची सोय देणारे व्यावसायिक आहेत. सायकलीसोबत पिशव्या, कुलूप आणि पंक्चरचे साहित्यही मिळते. उंची सेंटिमीटरमध्ये आधी कळवावी, नाहीतर हंगामात उरलेली सायकल पदरात पडते.

आपलीच सायकल न्यायची असेल, तर ती खोक्यात भरण्याचा सराव घरी दोनदा करा. पॅडल काढताना डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, हे विसरून जोर लावणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील. हँडल आडवे करावे, सीट उतरवावी, पुढचे चाक काढून फ्रेमला बांधावे आणि काट्यामध्ये लाकडाचा किंवा प्लास्टिकचा तुकडा घालावा, म्हणजे तो दबत नाही. पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि विजेवर चालणाऱ्या सायकलीची मोठी बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही. चुलीचा गॅसचा डबाही नेता येत नाही; तो तिथल्या मोठ्या शहरातच घ्यावा, खेड्यात मिळेल या भरवशावर राहू नये.

टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे असावेत. मार्गाचा बराच भाग डांबरी असला तरी मधूनमधून बारीक खडीची वाट येते आणि रस्त्याच्या शर्यतीच्या सायकलचे अरुंद टायर तिथे निरुपयोगी ठरतात. हँडलला लावायचा आरसा डाव्या बाजूला लावा, कारण तिथे गाड्या डावीकडून ओलांडून जातात.

५. सामान

दोन मागच्या पिशव्या आणि हँडलवर एक छोटी पिशवी यात सगळे बसले पाहिजे. पाऊस वर्षभर कधीही येतो, म्हणून पिशव्या जलरोधक असाव्यात किंवा आत जाड प्लास्टिक असावे. दोन ट्यूब, पंप, टायर काढण्याच्या पट्ट्या, षट्कोनी पाने, चेनची जोडकडी आणि पुढचा-मागचा दिवा हे न विसरण्याचे. ट्यूबचा व्हॉल्व्ह कोणता आहे ते पाहून त्याला चालेल असाच पंप घ्या. तिकडच्या सायकलींना बारीक, लांब व्हॉल्व्ह असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना मोटारीसारखा जाड.

खाद्यपदार्थांबाबत मराठी घरांत हमखास होणारी चूक सांगतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. त्यामुळे पेढे, खव्याची बर्फी आणि साजूक तूप घरीच ठेवा. विशेष प्रमाणपत्राविना हापूसही नेता येत नाही. चिवडा, शेंगदाण्याची चटणी आणि थालीपिठाची भाजणी मात्र न्यावी. छावणीतल्या छोट्या चुलीवर लावलेले थालीपीठ पाहून शेजारच्या तंबूतले डच कुटुंब कुतूहलाने आमच्याकडे आले होते; बदल्यात त्यांनी आम्हाला चीजचा मोठा तुकडा दिला.

६. विमानतळापासून नदीपर्यंत

पॅरिसच्या ओस्तरलिझ स्थानकावरून ओर्लेआँला जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या साधारण तासाभरात पोहोचवतात. प्रादेशिक गाड्यांत सायकल सहसा विनामूल्य नेता येते. परंतु हंगामात काही गाड्यांत सायकलीच्या जागेचे आरक्षण लागते आणि जागा मोजक्याच असतात. अतिवेगवान गाड्यांचा नियम वेगळा आहे : सुटी करून १३० बाय ९० सेंटिमीटरच्या पिशवीत भरलेली सायकल सामान म्हणून चालते, न सोडलेली सायकल मात्र मोजक्याच गाड्यांत आणि आरक्षण करूनच. तिकीट काढतानाच सायकलीची जागा काढावी, नंतर पाहू म्हणू नये. उन्हाळ्यात ल्वारकाठच्या मार्गावर सायकलींसाठी जास्त जागा ठेवलेल्या गाड्याही धावतात.

विमानातून उतरल्या दिवशी सायकल चालवू नका. एक रात्र ओर्लेआँमध्ये झोपा.

७. उजवी बाजू आणि इतर नियम

रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि वर्दळीत आपण आपोआप तसे चालवतोही. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर. सकाळी मुक्कामाच्या फाटकातून बाहेर पडताना, बेकरीसमोरून पुन्हा निघताना किंवा छायाचित्र काढून सायकलीवर बसताना जुनी सवय उफाळून येते आणि आपण सरळ डाव्या बाजूला जातो. मी दोनदा गेलो. त्यानंतर हँडलवर लाल चिकटपट्टीचा बाण उजवीकडे तोंड करून लावला आणि प्रत्येक वेळी निघताना तो पाहण्याची शिस्त लावून घेतली. अवघड वळण तिथे डावीकडचे असते, उजवीकडचे नव्हे.

गोलचौकात घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचे आणि आत आधीपासून असलेल्या वाहनाला जाऊ द्यायचे. गावात ज्या चौकाला कोणतीच खूण नसते, तिथे उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क आधी असतो, मग ती गल्ली कितीही किरकोळ दिसो. पिवळा चौकोन टोकावर उभा असलेली पाटी दिसली, तर तुमचा रस्ता प्राधान्याचा आहे. तीच पाटी काळ्या रेघेने खोडलेली दिसली, तर प्राधान्य संपले.

सायकलीला दोन ब्रेक, घंटी, दिवे आणि परावर्तक बंधनकारक आहेत. गावाबाहेर रात्री किंवा धुक्यात चकाकणारे जाकीट घालावेच लागते. शिरस्त्राणाची सक्ती फक्त बारा वर्षांखालील मुलांना आहे, तरी मोठ्यांनीही ते घालावे. चालवताना हातात फोन धरणे किंवा कानात इअरफोन घालणे यासाठी १३५ युरो दंड आहे. मद्याची मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते. द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या या मार्गावर सकाळी अकरालाच वाइन चाखायला बोलावणाऱ्या पाट्या लागतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

काही पाट्या वाचता याव्यात. ‘रूत बारे’ म्हणजे रस्ता बंद, ‘देव्हियास्यों’ म्हणजे वळणमार्ग आणि ‘सोफ व्हेलो’ म्हणजे ‘सायकली वगळून’. प्रवेशबंदीच्या पाटीखाली हे दोन शब्द दिसले, की बिनधास्त आत जावे. ‘व्ह्वा व्हेर्त’ हा मोटारींना बंद असलेला हरितमार्ग असतो. त्याच्या तोंडाशी अरुंद अडसर असतात आणि फुगलेल्या पिशव्या त्यांत अडकतात, त्यामुळे उतरून जाणे बरे. मार्गाच्या खुणा दोन्ही दिशांना आहेत, तरीही नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवावा. मोटारींसाठीचा नेहमीचा नकाशा मात्र वापरू नये. तो शेतातल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर किंवा ट्रकच्या रस्त्यावर नेऊन सोडतो. रस्त्याच्या क्रमांकाआधी ‘डी’ असेल तर तो जिल्हा रस्ता, बहुधा शांत. ‘एन’ असेल तर राष्ट्रीय रस्ता, जो टाळावा.

८. गावाचे घड्याळ

आता मूळ मुद्दा. खेड्यातली बेकरी सकाळी सातच्या सुमारास उघडते, दुपारी बंद होते, संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ उघडते आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण बंद असते. हा दिवस अनेकदा सोमवार असतो, पण प्रत्येक गावाचा वेगळा असू शकतो. किराणा दुकान साधारण साडेबारा ते तीन बंद असते. उपाहारगृहात दुपारचे जेवण बारा ते दोन या वेळेतच मिळते आणि दोन वाजून दहा मिनिटांनी पोहोचलेल्या माणसाला कॉफी मिळेल, जेवण नाही. रात्रीचे जेवण सात-साडेसातच्या आधी सुरू होत नाही. रविवारी दुपारनंतर जवळजवळ सगळे बंद. सुरुवातीला मला हा आडमुठेपणा वाटला. मग लहानपणीचे एक ते चार बंद असणारे पुण्यातले दुकान आठवले आणि तक्रार करण्याचा हक्क आपल्याला नाही, हे पटले.

त्यानुसार आम्ही बसवलेला दिनक्रम असा. आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या दिवशीच्या वाटेवरील गावांच्या बेकऱ्यांचे सुटीचे वार पाहून ठेवायचे. सकाळी पहिल्या उघड्या बेकरीत दुपारपुरता पाव घ्यायचा, भूक असो वा नसो. चीज, टोमॅटो आणि फळे साडेबाराच्या आत घ्यायची. शनिवारी संध्याकाळी सोमवार सकाळपर्यंतचे सामान भरायचे. छावणीत बहुधा रात्री नोंदवले, तर सकाळी ताजा पाव मिळतो, ती नोंद विसरायची नाही. जिथे बेकरीच उरलेली नाही अशा काही गावांत पावाचे यंत्र उभे असते. नाणी टाकली, की ‘बागेत’ नावाचा लांबट पाव बाहेर येतो. कार्ड सगळीकडे चालते असे धरून चालू नये, पन्नासेक युरो रोख जवळ ठेवावेत.

सार्वजनिक सुट्यांचे वेगळे गणित आहे. १ मे या दिवशी खरोखर काहीही उघडे नसते. ८ मे, येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार, १४ जुलै आणि १५ ऑगस्ट हेही लक्षात ठेवावेत. सुटी गुरुवारी आली, तर शुक्रवारही जोडून घेण्याला फ्रेंच लोक ‘पूल बांधणे’ म्हणतात, आणि त्या चार दिवसांत मुक्कामाच्या जागा मिळणे कठीण होते.

पाण्यासाठी अनुभवी सायकलस्वारांची जुनी युक्ती कामी येते : गावाचे स्मशान शोधा. फुलझाडांसाठी तिथे नळ असतो आणि ‘ओ नों पोताब्ल’, म्हणजे ‘पिण्यायोग्य नाही’, अशी पाटी नसेल, तर बाटली भरता येते. पहिल्या दिवशी बायकोने साफ नकार दिला. तिसऱ्या दिवशी, भर उन्हात, तिनेच मला चर्चमागचा तो नळ दाखवला.

दुकानात शिरताना ‘बोंजूर’ म्हणणे ही औपचारिकता नाही. न म्हणता थेट मागणी केली, तर समोरचा माणूस तुम्हाला उद्धट समजतो आणि पुढचे सगळे संभाषण कोरडे होते. आधी अभिवादन, मग मोडके फ्रेंच, मग इंग्रजी, हा क्रम ठेवला, तर खेड्यातली माणसे मदतीसाठी दुकान सोडून रस्त्यापर्यंत येतात.

९. शाकाहारी असाल तर

नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही, कारण मासा म्हणजे मांस नव्हे, असे पुष्कळांना वाटते. ‘सां व्हियांद, सां प्वासों, सां लार्दों’, म्हणजे ‘मांस, मासा आणि डुकराच्या मांसाचे तुकडे नकोत’, हे पाठ करा. शेवटचे तुकडे कोशिंबिरीतही निमूटपणे घातलेले असतात. गरम बकरीचीज घातलेली कोशिंबीर, ऑम्लेट आणि चीज घातलेला बकव्हीटचा डोसा, म्हणजे ‘गालेत’, हे भरवशाचे पदार्थ. पारंपरिक चीज करताना दूध साकळवण्यासाठी वासराच्या जठरातील पाचकद्रव्य वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी दुकानात वेष्टन वाचावे.

चीज चालत असेल, तर हा प्रदेश म्हणजे पर्वणी आहे. मधोमध गवताची काडी घातलेले सँत-मोर द तुरेन, टोक कापलेल्या पिरॅमिडच्या आकाराचे व्हालांसे आणि लहान गोल क्रोतँ द शाव्हिन्योल ही सगळी बकरीच्या दुधाची चीज ल्वारच्या आसपासचीच. सोम्यूर परिसरात ‘फुए’ नावाचा, लाकडाच्या भट्टीत टम्म फुगणारा छोटा पाव मिळतो. तो डुकराच्या मांसाने भरून देण्याची रीत असली, तरी पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची उसळ किंवा मशरूम भरून मागता येतो. भट्टीतून तो फुगून आला तेव्हा आम्हा दोघांच्याही तोंडून एकदमच ‘फुलका’ हा शब्द निघाला.

१०. मुक्काम

नगरपालिकांच्या छावण्या स्वस्त, स्वच्छ आणि बहुधा नदीकाठी असतात. सायकलस्वाराला तंबूपुरती जागा बऱ्याचदा आयत्या वेळीही मिळते, मात्र त्यांच्या कार्यालयाची वेळही दुपारी बंद आणि संध्याकाळी मर्यादित असते. घरगुती निवासाला ‘शाँब्र दोत’ म्हणतात. तिथे संध्याकाळी पोहोचण्याची वेळ आधी कळवणे अपेक्षित असते. ‘आकय व्हेलो’ हे चिन्ह असलेले निवास खुणा लावलेल्या मार्गापासून पाच किलोमीटरच्या आत असतात आणि तिथे सायकली सुरक्षित ठेवण्याची जागा व दुरुस्तीची किरकोळ हत्यारे असतात. नदीतल्या वाळूच्या बेटांवर तंबू ठोकण्याचा मोह टाळा. तिथे वसंतात आणि उन्हाळ्यात कुररी पक्षी अंडी घालतात आणि काही बेटांवर त्या काळात पाऊल ठेवायलाही बंदी असते. पाणी शांत दिसले तरी ल्वारमध्ये पोहायला उतरू नये. सरकती वाळू आणि अंतर्प्रवाह यांमुळे ती धोकादायक आहे.

११. टप्पे कसे पाडावेत

दिवसाला ४५ ते ६० किलोमीटर पुरेत. ओर्लेआँ ते ब्ल्वा यामध्ये बोजाँसीला मुक्काम करावा, म्हणजे शाँबोरच्या राजवाड्याला पूर्ण दुपार देता येते. १५१९ मध्ये बांधायला घेतलेल्या या राजवाड्यात एकमेकांभोवती गुंफलेले दोन सर्पिल जिने आहेत. एकाने चढणारा दुसऱ्याने उतरणाऱ्याला झरोक्यांतून पाहतो, पण त्यांची वाट एक होत नाही. पुढे अँब्वाझला लिओनार्दो द व्हिंची ज्या घरात १५१९ मध्येच वारला, ते घर पाहावे. सगळे राजवाडे पाहण्याचा अट्टहास मात्र करू नये. तिसऱ्यानंतर डोळे थकतात आणि प्रवेशशुल्क खिशाला जाणवू लागते. आम्ही तूर शहराच्या पुढे फक्त व्हिलाँद्रीच्या बागेत गेलो, जिथे कोबी आणि वांगी रांगोळीसारखी आखून लावलेली आहेत.

सर्वांत सुंदर पट्टा माझ्या मते काँद-सँ-मार्तँ ते सोम्यूर हा आहे. व्हिएन नदी इथे ल्वारला मिळते आणि पुढे पांढऱ्या, मऊ चुनखडीचे कडे सुरू होतात. हाच दगड कापून राजवाडे बांधले आणि कापल्यावर उरलेल्या गुहांत लोक राहिले. आज तिथे मशरूम पिकतात आणि वाइन मुरते. सूझे-शांपिन्यी गावात वाट चक्क डोंगराच्या पोटातल्या गल्लीतून जाते. या पट्ट्यासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवा, अंतर वीस किलोमीटर भरले तरी चालेल.

सोम्यूर ते आँजे आणि आँजे ते नाँत हे टप्पे मोकळे, वाऱ्याचे आणि गाईगुरांच्या कुरणांचे आहेत. इथे गावे विरळ होतात, त्यामुळे आठव्या पायरीतले घड्याळ अधिक काटेकोर पाळावे लागते.

१२. नाँतपासून समुद्रापर्यंत

नाँत ते सँ-ब्रेव्हँ हे साठेक किलोमीटर दक्षिण काठाने, मार्तिनिएरच्या जुन्या कालव्याशेजारून करावेत. उत्तर काठावर राहिलात, तर क्वेराँ आणि ल पेलरँ यांच्यामधली फेरीबोट तुम्हाला पलीकडे सोडते. दाभोळ-धोपाव्याची आठवण करून देणारी ही बोट सायकलस्वाराकडून पैसे घेत नाही.

शेवटचा सापळा परतीच्या वाटेवर आहे. सँ-ब्रेव्हँला रेल्वे स्थानक नाही. जवळचे मोठे स्थानक नदीपलीकडे सँ-नाझेरला आहे आणि मध्ये ३,३५६ मीटर लांबीचा उंच पूल आहे. त्यावर सुरक्षित, स्वतंत्र सायकलवाट नाही, ट्रक जवळून जातात आणि समुद्राचा वारा आडवा लागतो. हंगामात सायकली वाहून नेणारी बस या पुलावरून चालते. तिचे वेळापत्रक नाँतमध्येच पाहून घ्या आणि त्याला जोडूनच सँ-नाझेरहून सुटणाऱ्या गाडीत सायकलीची जागा धरा. बस मोजक्याच दिवशी असेल, तर सरळ नाँतला परतून तिथे सायकल जमा करावी.

सँ-ब्रेव्हँच्या किनाऱ्यावर हुआंग योंग पिंग या कलाकाराने २०१२ मध्ये उभारलेला सुमारे १३० मीटर लांबीच्या सागरी सापाचा धातूचा सांगाडा आहे. तो ओहोटीला वाळूवर पूर्ण उघडा पडतो आणि भरतीला बराचसा पाण्याखाली जातो. आम्ही पोहोचलो तेव्हा फक्त डोके आणि पाठीचे काही मणके दिसत होते. त्या दिवसाचे भरती-ओहोटीचे वेळापत्रक तिथल्या पर्यटन कार्यालयात मिळते. कार्यालय दुपारच्या सुटीसाठी बंद होण्याआधी मात्र पोहोचायला हवे.